स्टेमसेल : गेल्या पंचवीस वर्षांत प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत नक्की काय पोचलं?

मृद्गंध_पुणे (धागाकर्ती)

गेल्या रविवारी मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. कुणीतरी तिच्या हातात एका क्लिनिकचं माहितीपत्रक ठेवलंय. मुलाच्या कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या, त्या 'शुद्ध' करायच्या आणि पाठीच्या कण्यातून परत सोडायच्या. तीन बैठका आणि काही लाख रुपये. "तू याच विषयात काम केलंयस ना गं, सांग ना काय करू?"

'नको करूस' असं मी लगेच सांगितलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, एवढं पुरेसं नाही. ती वीस वर्षं पेपरात वाचतेय की स्टेमसेलने दृष्टी आली, स्टेमसेलने मधुमेह गेला. त्या सगळ्याच बातम्या खोट्या नाहीत, काही अगदी खऱ्या आहेत. मग खरी कुठली आणि पोकळ कुठली हे तिने कशावरून ओळखायचं? २००५ साली मी एम.एस्सी. करत होते, पुढे अकरा वर्षं पेशी वाढवायचंच काम केलं. जे डोळ्यांसमोर घडलं ते सलग लिहून काढते.

स्टेमसेल म्हणजे आपण पुढे कोण होणार हे अजून न ठरलेली पेशी. ती स्वतःसारख्या पेशी तयार करत राहते आणि गरज पडली की ठरावीक रूप घेते. रक्ताच्या बाबतीत हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्‌कलॉक यांनी किरणांचा मारा केलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली, तर काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी उठल्या आणि एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली निघाली. बोनमॅरो ट्रान्सप्लांटमागचं विज्ञान ते हेच. आपल्याकडे १९८३ मध्ये टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं. म्हणजे रक्ताच्या आजारांसाठी स्टेमसेलचा उपचार चाळीस वर्षं जुना आहे, नेहमीचा आहे आणि खरा आहे. क्लिनिकवाले नेमकं याच शब्दाच्या पुण्याईवर बाकीचं विकतात.

१९९८च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून स्टेमसेल वेगळ्या करून बशीत वाढवून दाखवल्या आणि सगळं बदललं. थॉमसन मूळचे पशुवैद्यक, आधी माकडांच्या भ्रूणांवर त्यांनी हेच केलं होतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांनंतर शिल्लक राहिलेले, जोडप्यांनी संमतीने दिलेले भ्रूण त्यांनी वापरले. चौदा भ्रूणांचा आतला पेशीपुंज काढला, त्यातल्या पाचांच्या लाइन, म्हणजे एकाच भ्रूणापासून सतत वाढत राहणाऱ्या पेशींचे वंश, तगल्या. अशा कामाला अमेरिकेत सरकारी पैसा चालत नव्हता, म्हणून त्यांनी खाजगी पैशावर वेगळी खोली, वेगळं इन्क्युबेटर असा सगळा संसार मांडला होता. त्यातली 'एच९' नावाची लाइन आजही जगभर वापरात आहे.

या पेशी सांभाळणं फार जिकिरीचं असतं. त्यांना रविवार नसतो. रोज जुना मीडिया, म्हणजे पेशींचं पोषणद्रव, काढून ताजा घालावा लागतो, एक दिवस चुकला की त्या भलतंच रूप घ्यायला लागतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी लॅबमध्ये जाऊन मीडिया बदलून आलेय, एकदा नव्हे, चार वेळा. उरलेल्या घरच्यांची पूजा झालेली असायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चकचकीत कडेची वसाहत दिसली की बरं वाटायचं.

९ ऑगस्ट २००१ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी टीव्हीवर जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या लाइनवरच्या संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल, पुढे नवीन भ्रूण मोडून केलेल्या कामाला नाही. मग त्यांच्या आरोग्य संस्थेने जगभरातल्या ६४ लाइनची यादी काढली. तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या ३ होत्या. आम्हाला तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं! प्रत्यक्षात त्या ६४पैकी संशोधकांच्या हाती लागण्याजोग्या वीसेकच निघाल्या. पुढे परळच्या एनआयआरआरएच या प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने 'काइंड-१' आणि 'काइंड-२' या दोन लाइन तयार केल्या. मुंबईतल्या सरकारी संस्थेत, रुळलेली वाट नसताना हे झालं, याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही.

आता कोरिया. यावर जरा थांबते, कारण माझ्यापुरतं या विषयाचं खरं शिक्षण तिथेच झालं.

सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या ह्वांग वू-सुक यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं की त्यांनी क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेमसेल काढल्या. २००५च्या मे महिन्यात पुढचा निबंध आला, त्यात रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून बनवलेल्या अकरा लाइन होत्या. आमच्या जर्नल क्लबमध्ये मीच तो निबंध मांडला होता. सादरीकरण संपल्यावर सरांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मणक्याला इजा झालेल्या माणसाच्या त्वचेतून त्याचीच नवी मज्जातंतूची पेशी! कोरियात तर त्यांच्या कामावर टपाल तिकीट निघालं होतं, चाकाच्या खुर्चीतला माणूस उठून उभा राहतो असं चित्र होतं त्यावर. शेकडो बायकांनी आपली बीजांडं द्यायची तयारी दाखवली.

मग त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या एका तरुणाने एमबीसी वाहिनीला माहिती दिली. वाहिनीने प्रश्न विचारले तेव्हा लोक ह्वांगवर नव्हे, वाहिनीवर उसळले आणि जाहिरातदारांनी कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तरुण जीवशास्त्रज्ञांच्या एका संकेतस्थळावर कुणीतरी नाव न सांगता लिहिलं की निबंधातली छायाचित्रं नीट बघा, एकच छायाचित्र दोन वेगळ्या लाइनचं म्हणून छापलंय. १० जानेवारी २००६ला विद्यापीठाच्या समितीचा अहवाल आला. अकरापैकी एकही लाइन रुग्णाच्या पेशीपासून बनलेली नव्हती. दोन हजारांवर बीजांडं त्यात खर्ची पडली होती, आणि काही तर त्यांच्याच हाताखालच्या मुलींची.

मी तो निबंध कपाटातून काढला. छायाचित्रं तिथेच होती, सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर. मी ती वर्गाला मोठी करून दाखवली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानमधल्या क्योतोहून शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांचा निबंध आला. यामानाका आधी हाडांचे डॉक्टर होत होते. शस्त्रक्रियेत हात चालेना, तेव्हा ते संशोधनाकडे वळले. त्यांचा प्रश्न साधा होता. भ्रूणातल्या पेशीत कोणती जनुकं जागी असतात? तीच जनुकं त्वचेच्या पेशीत जागी केली तर? २४ जनुकांची यादी केली. एकेक घालून काहीच होईना. मग ताकाहाशींनी चोवीसही एकदम घातली, आणि जमलं! पुढे प्रत्येक वेळी एक गाळून पाहायचं, कुणाशिवाय अडतं ते शोधायचं. शेवटी चार उरली. उंदराची त्वचेची पेशी मागे फिरून जवळजवळ भ्रूणातल्या पेशीसारखी झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये यामानाका आणि थॉमसन या दोघांच्याही गटांनी एकाच दिवशी मानवी पेशींवर तेच जाहीर केलं. यांना आयपीएस पेशी म्हणतात. भ्रूण मोडायचा प्रश्नच उरला नाही.

या वेळी टाळ्या वाजवायला आम्ही कचरत होतो. पण हे काम लपवाछपवीचं नव्हतं. चार जनुकांची नावं छापलेली होती, कुणीही करून बघावं. काही महिन्यांत जगभरच्या प्रयोगशाळांना ते जमलं. २०१२चं नोबेल यामानाका आणि जॉन गर्डन यांना विभागून मिळालं. गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीचं केंद्रक बीजांडात घालून त्यातून बेडकाचं पिल्लू वाढू शकतं हे दाखवलं, ते छापून आलं १९६२ साली, यामानाकांच्या जन्मवर्षी.

पण त्या चारांतलं एक जनुक, सी-मिक, कर्करोगाशी जोडलेलं आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत या पेशींपासून आलेल्या उंदरांच्या पिलांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला गाठी झाल्या. 'बशीत झालं' आणि 'माणसाला देता येईल' यांच्यामध्ये वर्षं का जातात, याचं हे एक उत्तर. बहिणीला मी हेच समजावते आहे. पुढचं इथल्या जाणकारांनी भर घालून लिहावं.

---

रानजाई

सुंदर लिहिलंय ताई. लक्ष्मीपूजनाचं वाचून गलबलून आलं. एक शंका, भ्रूण म्हणजे नेमका केवढा? मनात सारखं बाळ येतं.

मृद्गंध_पुणे

रानजाई, पाच-सहा दिवसांचा. शे-दोनशे पेशींचा पोकळ गोळा, टाचणीच्या माथ्याहून लहान. अजून मेंदू, हृदय, मज्जातंतू काहीच नसतं. चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही असा दंडक ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवला, भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांतही तोच आहे. तरी तुझ्या मनात येतं ते चुकीचं नाही. मलाही पहिल्यांदा बशी हातात घेताना आलं होतं.

क्योतोची_सई

मी सहा वर्षं इथे आहे, म्हणून भर घालते. यामानाका इथल्या मॅरेथॉनमध्ये स्वतः धावून संस्थेसाठी देणग्या गोळा करत आलेत. नोबेल मिळालेला माणूस धावतोय आणि रस्त्याच्या कडेला आज्ज्या त्याला हाका मारतायत!

पहिला रुग्ण सप्टेंबर २०१४ मध्ये, कोबेला. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईंच्या त्वचेपासून आयपीएस पेशी, त्यांपासून दृष्टिपटलाखालचा थर बनवून डोळ्यात बसवला. नजर खूप सुधारली असं नाही, पण जी होती ती टिकली आणि गाठ झाली नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार होत्या, पण तपासणीत जनुकांत बदल आढळले आणि त्यांनी शस्त्रक्रिया थांबवली. त्या थांबण्याबद्दल मला त्यांचा सर्वांत जास्त आदर वाटतो.

त्यांचे पती जुन ताकाहाशी पार्किन्सनवर काम करतात. सात रुग्णांच्या मेंदूत आयपीएसपासून केलेल्या पेशी सोडल्या, निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. गंभीर दुष्परिणाम नाही. परिणाम मोजता आला त्या सहांपैकी चौघांची हालचाल, औषध नसतानाच्या वेळची, सुधारली. सात माणसं. दोन दशकांच्या कामानंतर सात.

त्याच २०१४ सालात कोबेच्याच रिकेन संस्थेतून 'पेशी आम्लात बुडवा, स्टेमसेल होतात' असे दोन निबंध आले. कुणालाच ते पुन्हा करता आलं नाही, जुलैत ते मागे घेतले. ऑगस्टमध्ये सहलेखक योशिकी सासाई यांनी आयुष्य संपवलं. बशीत आपोआप डोळ्याच्या वाटीसारखा आकार घेणाऱ्या पेशी पहिल्यांदा दाखवणारा हा माणूस होता. इथले जुने लोक त्यांच्याबद्दल बोलताना अजून आवाज खाली करतात.

अन्वीचा_बाबा

मी इथे फक्त वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. माझी मुलगी अकरा वर्षांची, चौथ्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. दिवसाला चार-पाच इंजेक्शनं. रात्री दोनचा गजर लावून तिची साखर बघतो. मला कुणी व्हॉट्सॅपवर पाठवलं की अमेरिकेत स्टेमसेलने टाइप १ बरा झाला. मी मुद्दाम थेट विचारतो, हे खरं आहे का? सांभाळून घ्यायला म्हणून सांगू नका.

मृद्गंध_पुणे

अन्वीचे बाबा, खरं आहे. आणि ते कुठवर खरं आहे तेही नीट सांगते.

डग्लस मेल्टन हे हार्वर्डचे शास्त्रज्ञ. पीएच.डी. केली ती गर्डन यांच्याकडे, पुढे बेडकांच्या भ्रूणांवर काम. १९९१ मध्ये त्यांचा मुलगा सॅम सहा महिन्यांचा असताना त्याला टाइप १ निघाला. मेल्टन यांनी बेडूक सोडले आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कशा घडतात याच्या मागे लागले. पुढे मुलगी एमालाही तोच आजार निघाला. भ्रूणातल्या स्टेमसेलपासून या पेशी (बीटा पेशी) भरपूर प्रमाणात बनवायची रीत त्यांनी छापली २०१४ मध्ये. म्हणजे तेवीस वर्षं. त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव दोन्ही मुलांच्या नावांवरून 'सेमा'. ती पुढे व्हर्टेक्स या औषधकंपनीने घेतली.

त्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात. जून २०२५ मध्ये निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना उपचारानंतर वर्षभराने इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आता दुसरी बाजू. हे सगळे प्रौढ होते आणि साखर अचानक इतकी घसरणारे की कळायच्या आत बेशुद्ध पडावं. पेशी दुसऱ्याच्या असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. एकूण चौदा जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. एकाचा मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होऊन, दुसऱ्याचा आधीपासूनचा स्मृतिभ्रंश वाढून. अकरा वर्षांच्या मुलीसाठी आज हा सौदा योग्य नाही. चीनमध्ये २०२४ साली एका पंचवीस वर्षांच्या मुलीच्या स्वतःच्या पेशींपासून हेच करून पोटाच्या स्नायूंत ठेवल्या, अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन बंद झालं. पण ती आधीच यकृतारोपणामुळे तशी औषधं घेत होती, म्हणून एकट्या तिच्यावरून ठरवता येत नाही. त्या औषधांशिवाय पेशी कशा टिकवायच्या, यावर आता सगळ्यांचा जोर आहे. तोवर रात्री दोनचा गजर.

अन्वीचा_बाबा

आभार. तिला मेल्टनच्या मुलांची गोष्ट सांगितली. "त्या बाबांनी बेडूक सोडले?" असं दोनदा विचारलं तिने.

नेत्रपल्लव

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, सोलापूर भागात. बुबुळाच्या कडेला लिंबस नावाची वर्तुळाकार पट्टी असते, तिथे बुबुळाच्या स्टेमसेल राहतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलांच्या डोळ्यात फुटते, त्या पेशी जळतात आणि बुबुळावर पांढरा पडदा येतो. आमच्याकडे असे जळालेले डोळे येत राहतात.

इटलीत पेलेग्रिनी आणि डे लुका यांनी निरोगी डोळ्यातून या पेशी घेऊन वाढवायची रीत बसवली. तिलाच २०१५ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, स्टेमसेलचं तिथलं हे पहिलं मान्यताप्राप्त औषध. पण त्याला अद्ययावत प्रयोगशाळा लागते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या गटाने २०१२ मध्ये त्याहून सोपं काढलं. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे, खराब डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते कण चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात. प्रयोगशाळा लागतच नाही! मी तिथे जाऊन शिकून आलो. ही भारतीय रीत आता बाहेरच्या देशांतही वापरली जाते, याचा अभिमान बाळगावा.

आणि उलट बाजूही ऐका. फ्लोरिडात तीन वृद्ध स्त्रियांनी पाच-पाच हजार डॉलर भरून पोटाच्या चरबीतल्या 'स्टेमसेल' दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. तिघींचीही दृष्टी गेली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ती प्रकरणं छापून आली. शब्द एकच, 'डोळ्यात स्टेमसेल'. आमचे रुग्ण विचारतात तेव्हा मी दोन्ही सांगतो.

स्टॉकहोमकर

श्वासनलिकेचंही लिहा कुणीतरी. मीच लिहितो, थोडक्यात. इथल्या कॅरोलिन्स्का संस्थेत पाओलो मॅक्यारिनी यांनी २०११ पासून प्लास्टिकच्या नळीवर रुग्णाच्या स्टेमसेल लावून ती श्वासनलिका म्हणून बसवली. स्वीडनमध्ये तीन रुग्ण, तिघेही वारले. आधी प्राण्यांवर नीट चाचण्याच झाल्या नव्हत्या. चार डॉक्टर सहकाऱ्यांनी तक्रार केली, तर संस्थेने सुरुवातीला त्यांनाच झटकलं. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने मॅक्यारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. नोबेल ठरवणारी संस्था ती, तिथे हे झालं.

साधाभोळा

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तुम्ही सगळे शिकलेले लोक 'थांबा, चाचण्या होऊ द्या' म्हणता. माझा भाऊ चोवीसाव्या वर्षी झाडावरून पडला, कमरेखाली काही नाही. आम्ही दोन एकर विकली आणि त्याला एका शहरातल्या केंद्रात नेलं. चार इंजेक्शनं. काही झालं नाही. पण तुम्ही त्या वेळी मला भेटून 'वीस वर्षं थांब' म्हणाला असतात, तरी मी जमीन विकलीच असती. घरात माणूस पडलेला असताना थांबता येत नाही.

मृद्गंध_पुणे

दादा, राग कसला. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. मला चीड येते ती तुमची नाही. तुम्ही विकलंत म्हणून कुणी घेतलं, त्याची येते.

मणक्याच्या बाबतीत खरी चाचणी कशी असते ते सांगते. अमेरिकेत जेरॉन कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये भ्रूणातल्या स्टेमसेलपासून केलेल्या पेशी पहिल्या रुग्णाला दिल्या. इजा ताजी, आठ-पंधरा दिवसांचीच हवी अशी अट. रुग्णाकडून पैसे नाहीत. वर्षभरात पैशाअभावी कंपनीने काम थांबवलं. २०२५च्या मार्चमध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशी दिलेल्या चौघांची माहिती जाहीर केली. दोघांत सुधारणा, त्यातला एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. चौघे. तुमच्या भावाला ज्या दिवशी नेलंत त्या दिवशी जगात कुणाकडेच हे नव्हतं. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही.

साधाभोळा

नाही सांगितलं. फॉर्मवर सही घेतली, इंग्रजीत होता.

नाळबंध

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. बाळंतपणाच्या वेळी आम्ही नाळेतलं रक्त एका खाजगी बँकेत ठेवलं. हप्ते अजून चालू आहेत. रुग्णालयाच्या लॉबीतच त्यांची माणसं बसलेली होती, 'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणाले. फुकट गेलं का सगळं?

मृद्गंध_पुणे

नाळेतलं रक्त उपयोगी आहेच. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (जन्मजात रक्तविकार) असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या पेशी दिल्या आणि तो जगला. पण बघा, त्या बहिणीच्या होत्या. बाळाला स्वतःला थॅलेसीमियासारखा जन्मजात आजार असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो, त्याच त्याला परत देऊन उपयोग नाही. म्हणून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्वतःपुरतं साठवून ठेवायची शिफारस करत नाही. घरात आधीच असा आजारी भाऊ किंवा बहीण असेल तर गोष्ट वेगळी. हप्ते बंद करायचे की नाही हे तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा. स्वतःला दोष देऊ नका, बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यात कुणाला सुचतं?

वर्धेचा_विनय

सिकलसेलबद्दल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकायच्या आनुवंशिक आजाराबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. विदर्भात, गडचिरोलीत, तिकडे नंदुरबारला घरोघरी हा आजार आहे. थंडी पडली की हाडं ठणकून पोरं वॉर्डात येतात. मी वीस वर्षं बघतोय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने 'कॅसजेवी'ला मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्ताच्या स्टेमसेल काढायच्या, क्रिस्परने (जनुकं कापायच्या तंत्राने) बीसीएल११ए जनुकाचा एक भाग निकामी करायचा, म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन परत तयार होऊ लागतं. मग केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करून त्या परत द्यायच्या. काम करतं. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आमच्या वॉर्डातल्या आईला हा आकडा मी सांगितलेला नाही.

म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेचं काम महत्त्वाचं. त्यांनी तयार केलेल्या देशी क्रिस्पर उपचाराला 'बिरसा १०१' नाव दिलंय, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. बिरसा मुंडांचं नाव, आणि आजार मुख्यतः आदिवासी-दलित वस्त्यांतला. रुग्णांवरच्या चाचण्या पार पडायच्या आहेत. तोवर हायड्रॉक्सियुरियाची गोळी, भरपूर पाणी, आणि लग्नाआधी रक्त तपासून घ्या हे सांगत फिरणं. भाऊ-बहिणीशी जुळलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट आजही होतं, पण आमच्याकडून तिथवर पोचतात किती?

रानजाई

विनयदादा, 'आकडा मी सांगितलेला नाही' इथे थांबले बराच वेळ.

मृद्गंध_पुणे

बहिणीबद्दल बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून लिहिते.

तिला हा धागा वाचायला दिला. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत काय आहे ते सांगितलं. रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या ट्रान्सप्लांटखेरीज बाकी सगळं अजून संशोधनच मानलं जातं आणि ते फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतं. २००७च्या तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असं होतं, २०१३ मध्ये 'उपचार' हा शब्द जाणूनबुजून काढला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडच्या समितीनेही ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट म्हटलं.

मग तिने स्वतःच क्लिनिकला विचारायचे तीन प्रश्न काढले. ही चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक काय? चाचणी असेल तर पैसे का घेता? आणि चाचणी नसेल तर मान्यता कुणाची? लेखी उत्तर मागितलं. लेखी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, या महिन्यात नाव नोंदवलंत तर चाळीस हजार कमी करू.

तिने फोन ठेवला आणि मला केला. खूप रडली. 'खोटं निघालं म्हणून नाही गं, तीन आठवडे मी मनात त्याला बोलताना ऐकत होते' म्हणाली. मी ऐकत राहिले. मंगळवारी नेहमीप्रमाणे त्याला स्पीच थेरपीला घेऊन गेली. त्याला सध्या रिक्षाच्या मीटरचं वेड आहे, आकडा बदलला की टाळी वाजवतो आणि तिच्याकडे बघतो.

साधाभोळा

ते तीन प्रश्न मी कागदावर लिहून आमच्या गावच्या दवाखान्यात लावले आहेत. मराठीत.